गंजवलेलं बीड

“त्या कोपऱ्यात अजून काळं दिसतंय. तितं टाक,” पप्पा म्हणाले.

मी बादली उचलली आणि ओतली. मिठाचं पाणी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या तुकड्यांवरनं घळघळत खाली गेलं. माझ्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात मीठ शिरलं की नुसती आग व्हायची. बीड सोमवारी ओतलेलं. मंगळवारी पप्पांनी स्वतः घणानं फोडून त्याचे वेडेवाकडे तुकडे केले, आणि तेव्हापासनं आम्ही त्याला सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं आंघोळ घालत होतो. गुरुवारी सकाळी कुठं ते तांबूस दिसायला लागलं.

“पप्पा, एक विचारू?”

“नको.”

“नवं बीड मुद्दाम गंजवायचं, आणि जुनं म्हणून विकायचं. कंपनीचं डोकं फिरलंय का?”

“नको म्हटलं न्हवं मी?”

मी बादली आपटली. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि माझ्या हातातनं वस्तू सरळ खाली ठेवली जायचीच नाही. शाळाही अशीच सुटली. नववीत बाईंनी माझी कॉलर दोन बोटांत धरून अख्ख्या वर्गाला दाखवली आणि म्हणाल्या, “घरात साबण न्हाई काय गं?” भट्टीच्या बाजूला घर असलं की कितीबी धुवा, काजळी बसतेच. मी फळ्याजवळचं डस्टर उचललं आणि मारलं. नेम चांगला होता. दुसऱ्या दिवसापासनं गेले नाही.

पप्पांचा स्वभाव उलटा. आनंदा मगदूम, पण सगळी एमआयडीसी त्यांना आनंदा मिस्त्री म्हणायची. बीड वितळलेलं असताना नुसत्या रंगावरनं सांगायचे, अजून किती वेळ. आणि ओतायच्या आधी एक पाचर ओतून घ्यायचे, बोटाएवढी, तिकोनी. गार झाली की हातोडीनं फोडायची आणि एक डोळा बारीक करून आतला दाणा बघायचा. दाणा बारीक आणि करडा असला की मान हलवायचे. त्यांची मान हलली की चौदा माणसं कामाला लागायची. नाही हलली तर चौदा माणसं तशीच उभी.

मंगळवारी त्यांनी एवढं बीड फोडलं, पण एकाही तुकड्याच्या आत बघितलं नाही. घण मारायचे आणि तोंड फिरवायचे.

साडेआठला खोत साहेबांची जीप आली आणि मागनं एक टेम्पो. खोत साहेब म्हणजे मोठ्या प्लांटचे मॅनेजर. प्लांट आमच्या शेतापासनं चार किलोमीटरवर, फाइव्ह स्टार एमआयडीसीत. टेम्पोत शेणी, म्हणजे गोवऱ्या, भरलेल्या होत्या. गच्च.

“मिस्त्री, ह्या भट्टीच्या तोंडाशी रचून घ्या. वर पण दोन-चार टाका. बघणाऱ्याला वाटलं पायजे, दहा वर्षं हिच्यात कुणी फुंकर पण मारलेली न्हाई.”

पप्पा जरा वेळ शेणींकडं बघत राहिले. “साहेब, भट्टीच्या तोंडात शेणी?”

“मग काय पेढे ठेवू?”

टेम्पोवाला हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं हसणं आवरलं आणि उगीच टायर तपासायला गेला.

“आणि ते कुंकू पुसा आधी,” खोत साहेब म्हणाले. “बंद भट्टीला कुंकू कोण लावतंय?”

दर सोमवारी पप्पा भट्टीला कुंकू लावून नारळ फोडायचे. भट्टीच्या चौथऱ्यावर चप्पल घालून कुणी चढायचं नाही, हा त्यांचा नियम. फोरमन असो नाहीतर खोत साहेब असोत. त्या दिवशी पण त्यांनी चपला काढल्या, वर चढले, खांद्यावरचा टॉवेल पाण्यात बुडवला आणि पुसलं. टॉवेल लाल झाला. तो त्यांनी पिळला, घडी केली, परत खांद्यावर टाकला.

मला खोत साहेबांचा गळा धरायचा होता. त्याऐवजी मी विचारलं, “साहेब, बीड म्हणून विकलं तर काय होतंय? भंगारच कशाला?”

खोत साहेबांना समजावून सांगायला आवडायचं. त्यांनी बोटं पुढं केली.

“हे बघ निशी. कंपनीच्या देशात धुराला पैसे पडतात. एक टन धूर सोडला की एवढे, दोन टन सोडला की तेवढे. तिकडं त्यांची शंभर वर्षांची भट्टी होती. परवडंना म्हणून बंद केली आणि काम हितं आणलं. हितं धूर फुकट. बरोबर?”

“बरोबर.”

“आता तिकडचं सरकार म्हणतंय, बाहेरनं माल आणताय, ठीक हाय. पण त्या मालामागं किती धूर झाला ते दाखवा, आणि त्याचे पण पैसे भरा. म्हणून आपण प्लांटात विजेची भट्टी बसवली. चकाचक. पण तिच्यात घालायला बीड लागतंय, आणि त्यांना पायजे तसलं बीड कोळशाच्या भट्टीतनंच स्वस्तात निघतंय. मग काय करायचं? भंगार! भंगाराचा मागचा धूर मोजत न्हाईत. त्यो कवाच उडून गेला, असं धरत्यात.”

“आणि आमचा धूर?”

“कुठला धूर? हितं भट्टी कुठं हाय? शेणी हायत.”

आणि ते स्वतःच हसले.

ती भट्टी आधी प्लांटातच होती. विजेची आली तेव्हा हिला उचलून आमच्या शेतात आणून उभी केली. कागद पप्पांच्या नावावर. फाटकावर बोर्डपण लागला, ‘मगदूम स्क्रॅप मर्चंट’. पप्पांनी सही केली, कारण नाहीतर भट्टी मोडीत निघणार होती. सही केली त्या दिवशी आई म्हणाली होती, “कंपनीचा धूर तेवढा आपल्या नावावर झाला. बाकी काय आपलं झालं?”

जाताना खोत साहेबांनी पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

“मिस्त्री, अकराला येतील. एक त्यांचा म्हातारा हाय, बिडातला जाणकार. एक तपासणीवाला, मुंबईचा. एक पोरगी, भाषा सांगायला. तपासणीवाला मोबाइलसारखं काहीतरी घेऊन तुमचं बोलणं टिपणार. एवढंच म्हणायचं, हे भंगार आहे, मी गोळा करतो. आज पास झालं की पाच वर्षं भट्टीला कुणी हात लावत न्हाई. नापास झालं तर चौदा माणसांना घरी बसायला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार न्हाई.”

“व्हय,” पप्पा म्हणाले.

साहेब गेल्यावर ते शेडच्या मागं जाऊन पुटपुटत होते. मी कान दिला. “हे भंगार आहे. मी गोळा करतो. हे भंगार आहे. मी गोळा करतो.” चौथीतला पोरगा कविता पाठ करतो तसं.

आई दोरीवर धुणं घालत होती. भट्टी तीन दिवस गार होती, म्हणून तिनं पांढरं धुणं काढलं होतं. शेजारच्या गौराक्कांनी पण काढलं होतं. त्यांचा नातू दीड वर्षाचा, भट्टी चालू असली की रात्रंदिवस खोकायचा. गौराक्का आम्हाला कधी काही बोलल्या नाहीत, त्यांचा थोरला आमच्याच भट्टीवर कोळसा भरायला होता. नुसत्या आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायच्या.

“आजच्या दिवस तरी पांढरं वाळू दे,” आई म्हणाली. आणि मला, “तू आज घरात बस.”

“का?”

“तुझं तोंड बघितलंय मी सकाळपासनं. म्हणून.”

मी बसले नाही, हे सांगायला नकोच.

*

अकराला पांढरी गाडी आली. तपासणीवाला आधी उतरला. छातीशी टॅब धरलेला, तोंडाला मास्क. भट्टी तीन दिवस गार, तरी मास्क. मागनं पोरगी उतरली, मिथिला नाव, पुण्याची, पंचवीसेक वर्षांची असेल. आणि मग म्हातारा.

म्हातारा उंच होता. हात मोठे, फावड्यासारखे. माझं लक्ष त्याच्या मनगटांवर गेलं. तिथं पांढरे-गुलाबी ठिपके होते, जुने, गोल गोल. तसले ठिपके मी रोज बघायचे. पप्पांच्या मनगटावर.

“हे वेर्नर,” मिथिला म्हणाली. “कंपनीत चाळीस वर्षं आहेत.”

“नमस्कार,” पप्पा म्हणाले. म्हाताऱ्यानं पण हात जोडले, जरा वेडेवाकडे.

आईनं चहा पाठवला. तपासणीवाल्यानं कप घेतला आणि तसाच खुर्चीवर ठेवला. म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या संपवला आणि ढिगाकडं गेला.

ढिगावर खोत साहेबांनी खऱ्या भंगाराचा एक थर टाकून घेतला होता. फुटके पंप, ब्रेकचे ड्रम, शिवणयंत्राचे पाय. खाली आमचं गंजवलेलं बीड. म्हातारा वाकला. वरचा एक पंप बाजूला केला आणि खालच्या तुकड्यावर बोटातली अंगठी वाजवली. टण्ण. कान तिरपा केला. परत वाजवली.

मग त्यानं मान वर करून पप्पांकडं बघितलं, आणि हसला. जरासाच.

पप्पांनी खाली बघितलं.

म्हातारा मिथिलाकडं वळून काहीतरी बोलला. बरंच बोलला. चांगली चार-पाच वाक्यं. मिथिलाचा चेहरा बदलला. तिनं एकदा पप्पांकडं बघितलं, एकदा त्या मास्कवाल्याकडं.

“काय म्हणतायत?” खोत साहेबांनी विचारलं.

“ठीक आहे म्हणतात,” मिथिला म्हणाली.

मी तिथंच उभी होते. एवढं मोठं बोलला आणि ‘ठीक आहे’? माझ्या डोक्यात तिथनंच तापायला लागलं. हसून काहीतरी लागेल असं बोलला असणार आणि ही झाकतेय, असं मला वाटलं. माझ्या पप्पांच्या तोंडावर, त्यांच्या शेतात, त्यांचा चहा पिऊन.

म्हातारा भट्टीकडं गेला. चौथऱ्याखाली पप्पांच्या चपला होत्या. तो त्या चपलांशी थांबला, वर चढला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि उभा राहिला. भट्टीच्या तोंडातल्या शेणींकडं बघत होता. ऊन होतं, मला वाटलं उकडत असेल. मग हात लांब करून त्यानं एक शेणी उचलली, उलटीपालटी केली आणि होती तिथंच परत ठेवली. हळू. नीट.

“हे काय?” तपासणीवाल्यानं विचारलं.

“बंद भट्टी,” खोत साहेब म्हणाले. “बापजाद्यांची. आता शेणी ठेवायला होते.”

म्हाताऱ्याला मिथिलानं सांगितलं. त्यानं मान हलवली. “या, या,” म्हणाला, म्हणजे त्यांच्या भाषेत हो, हो.

“चला, स्टेटमेंट घेऊ,” तपासणीवाला म्हणाला. “मगदूम, ढिगाच्या समोर उभे राहा. टॉवेल काढा खांद्यावरचा, लाल डाग दिसतायत. हां. नाव सांगा.”

“आनंदा ज्ञानू मगदूम.”

“हे तुमच्या मागं काय आहे?”

पप्पा उघडेबोडके वाटत होते टॉवेलशिवाय. “हे भंगार हाय. मी गोळा करतो.”

“आवाज आला नाही. परत.”

“हे भंगार आहे. मी गोळा करतो.”

“गाडी गेली मधेच. जोरात बोला की जरा. आणि कॅमेऱ्यात बघा, खाली नका बघू. हे काय आहे?”

पप्पांनी वर बघितलं. ते कॅमेऱ्यात बघत नव्हते, म्हाताऱ्याकडं बघत होते. दोघं समोरासमोर. म्हाताऱ्यानं टोपी अजून हातातच धरली होती.

“हे...” पप्पा म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला. “हे भं...”

माझ्या आयुष्यात मी त्यांना अडखळताना बघितलं नव्हतं. वितळलेलं बीड पायावर उडालं होतं तेव्हासुद्धा ‘लेडल धरा’ म्हणाले होते, आधी त्या लेडलमधलं बीड ओतून झालं आणि मग बसले.

घण शेडच्या खांबाला टेकवलेला होता. मी कधी गेले, कधी उचलला, मला आठवत नाही. आई लांबनं ओरडली ते आठवतंय. “निशे!”

मी ढिगातनं एक तुकडा पायानं खाली लोटला. घण डोक्यावर नेला आणि घातला. पहिला घाव निसटला. दुसऱ्याला तुकड्याचे दोन भाग झाले.

“हे भंगार?” मी ओरडले. “बघा की! उघडा डोळे! भंगार असलं असतंय व्हय? माझ्या पप्पानं ओतलंय हे, सोमवारी! तुमच्या कंपनीत कुणाला येतं काय असलं? हसतोय कुणाला त्यो म्हातारा?”

बाहेरनं तांबडं, गंजलेलं. आतनं करडं, उन्हात चमकत होतं. दाणा इतका बारीक की रेशमावर हात फिरवावा वाटेल. जे बीड तीन दिवसांपूर्वी ओतलंय, ते आतनं असंच दिसतं. चाळीस वर्षांचं भंगारही आतनं तसं दिसत असेल, मला नाही ठाऊक. पण सोमवारी ओतलंय हे मी तोंडानं बोलले होते. आणि तपासणीवाल्यानं टॅब खाली केलेला नव्हता. काचेच्या वरच्या कोपऱ्यात लाल ठिपका जळत होता.

म्हातारा पुढं आला. गुडघ्यावर बसला, अवघडत. अर्धा तुकडा उचलला. अंगठ्यानं दाण्यावरनं हात फिरवला आणि तुकडा पप्पांपुढं धरला.

पप्पांनी घेतला. एक डोळा बारीक केला.

दोघंजण त्या तुकड्यावर वाकून उभे होते. एक कोल्हापूरकडचा, एक कुठल्या देशातला. पप्पांनी कडेची पांढरी रेघ नखानं दाखवली, म्हाताऱ्यानं मान हलवली. जेमतेम अर्धा मिनिट. पण तेवढा वेळ पप्पांचा चेहरा मला कित्येक महिन्यांनी ओळखीचा वाटला.

“मगदूम,” तपासणीवाला म्हणाला, “हे कधीचं आहे?”

“साहेब, पोरगी येडी हाय, शाळेतनं पण काढलीय तिला, तिचं काय...” खोत साहेब मधे पडले.

“मी त्यांना विचारतोय.”

पप्पांनी तुकडा छातीशी धरला. “सोमवारचं,” म्हणाले.

“आणि ती भट्टी?”

“चालू हाय.”

खोत साहेब माझ्याकडं धावले. पप्पा मधे आले. माझ्यापेक्षा चार बोटं बुटके, पण असे उभे राहिले की साहेबांना थांबावं लागलं.

“तिला काय बोलू नका साहेब. मीच सांगिटलं हुतं तिला फोडायला.”

“तुम्ही?”

“व्हय. मी.”

म्हातारा सगळ्यांच्या मागं उभा होता. त्यानं टोपी घातली. गाडीत बसताना त्याच्या हातात दुसरा अर्धा तुकडा होता. मला वाटलं, पुरावा म्हणून नेतोय.

*

बारा दिवसांनी नापास झाल्याचा कागद आला. महिन्यानं मोठा प्लांट पण थंड पडला. कंपनीनं काम दुसरीकडं नेलं म्हणाले. चौदा माणसांना पप्पांनीच सांगितलं, एकेकाच्या घरी जाऊन. गौराक्कांच्या थोरल्याला सांगायला गेले तेव्हा मी फाटकाशी उभी होते. तो आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. पप्पा घोटभर प्याले आणि परत आले.

भट्टी खोत साहेबांनी गॅस कटरनं कापून नेली. टेम्पोवाला तोच, शेणीवाला. या वेळी तो हसला नाही. पप्पांनी चौथऱ्याशी चपला काढल्या आणि कापून होईपर्यंत उन्हात उभे राहिले. तुकडे भंगारवाल्याकडं गेले. ते मात्र खरंच भंगार होतं.

त्यानंतर दोरीवरचं धुणं पांढरं राहायला लागलं. गौराक्कांनी खिडकी उघडली. त्यांच्या नातवाचा खोकला पावसाळ्याआधी थांबला, तेही खरंच आहे. एकदा आई पप्पांचा पांढरा सदरा उन्हात धरून उलटासुलटा बघत होती. कुठं एक काळा ठिपका नाही. बघता बघता तिथंच खाली बसली आणि रडली.

पप्पा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मला वाटायचं, मनातनं त्यांना बरंच वाटलं असेल. कुणीतरी त्यांच्यासाठी उठलं. लोक माझ्या पाठीमागं काय वाट्टेल ते म्हणू देत, मी पप्पांची लाज राखली, असं मी तीन वर्षं धरून चालले होते.

गेल्या जानेवारीत मी हायवेच्या पंपावर गाडीत पेट्रोल भरत होते. मी आता तिथं कामाला आहे. काच खाली झाली आणि आतली बाई माझ्याकडं बघत राहिली.

“तू मगदूमांची ना? घण?”

मिथिला. केस कापलेले, पण तीच. बेळगावला निघाली होती. तिनं गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरली.

“वडील कसे आहेत?”

“बरे आहेत. कंपनी कुठं गेली शेवटी?”

“अजून एका देशात. नाव सांगून काय उपयोग? जिथं अजून धूर कुणी मोजत नाही तिथं. तिथंही अशीच कुणाच्या तरी शेतात असेल भट्टी. वेर्नर गेले. मागच्या वर्षी.”

“आम्हाला हसला होता तो,” मी म्हणाले.

“हसले?”

“ढिगावर अंगठी वाजवून. काहीतरी लांबलचक बोलला आणि तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं. मला काय कळलं नाही असं समजू नका.”

मिथिलानं माझ्याकडं असं बघितलं, की मला एकदम वाटलं, हिनं बोलू नये. पंपावरनं पळून जावं.

“ते म्हणाले,” ती हळूच म्हणाली, “हे बीड चार-पाच दिवसांपूर्वीचं आहे. आणि ओतणाऱ्याचा हात फार चांगला आहे. आमच्या गावची भट्टी बंद झाली तेव्हा मी तिथं होतो, दुसरी बंद होताना मला बघायची नाही. मी भंगारच लिहिणार आहे. तूही काही बोलू नकोस.”

मागनं कुणीतरी हॉर्न वाजवला.

“मग तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“कधी सांगणार? तो तपासणीवाला टॅब घेऊन शेजारी उभा होता. आणि नंतर तर...” तिनं हात हलवला, घण पडतो तसा. “त्या रेकॉर्डिंगनंतर वेर्नरच्या हातात काही राहिलं नव्हतं. तुकडा घेऊन गेले ना, तो शेवटपर्यंत त्यांच्या टेबलावर होता. मी बघितलाय.”

*

ड्यूटी अर्धी टाकून मी स्कूटी काढली. पप्पा आता गुऱ्हाळावर असतात, चार महिने. काहिलीखालच्या चुलाणात चिपाडं ढकलायची, जाळ सांभाळायचा. बाकीचे आठ महिने मिळेल ते.

ते चुलाणाच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. चपला लांब काढून ठेवलेल्या.

“पप्पा.”

“आज लवकर?”

“पप्पा, ती मिथिला भेटली. भाषा सांगायला आलेली ती. तो म्हातारा...”

त्यांनी चिपाडांचा भारा आत लोटला. जाळ भडकला आणि त्यांच्या तोंडावर उजेड पडला.

“त्यानं अंगठी वाजवली तवाच मला कळलं हुतं,” ते म्हणाले. “भट्टीवाल्याचा कान हुता तो. आणि वाजवून गप बसला. म्हंजे सोडलं त्यानं आपल्याला.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“व्हय.”

“मग तुम्ही अडखळलात कशाला? भंगार म्हणून मोकळं का नाही झालात?”

“म्हणणारच हुतो गं,” पप्पा म्हणाले. “तो समोर टोपी काढून उभा. त्याला ठाऊक, मला ठाऊक. म्हणून जरा गळा दाटला. एवढंच. तेवढ्यात तू...”

त्यांनी आणखी एक भारा ओढला.

“तीन वर्षं,” मी म्हणाले. “तीन वर्षांत एकदा तरी सांगायचं.”

“सांगिटलं असतं तर तू परत कुणासाठी हात उचलला नसतास.”

मी त्यांच्या शेजारी बसले. वर काहिलीत पाक फुगत होता, पिवळ्याचा तांबूस होत होता. गुळव्या आणि दोन माणसं कडेला उभी राहून हसत-बोलत होती, काहील उतरवायला दांडे धरून.

“त्याच्याकडं हाय का अजून? अर्धा तुकडा?” पप्पांनी विचारलं.

“शेवटपर्यंत होता म्हणे.”

“दाणा बारीक उतरला हुता त्या दिवशी,” ते म्हणाले. “मंगळवारी मी फोडताना बघायला पायजे हुतं.”

मग ते उठले आणि काहिलीत बघायला लागले. एक डोळा बारीक करून. पाकाच्या रंगाकडं.

“अजून जरा जाळ पायजे,” म्हणाले.

त्यांना कुणी विचारलं नव्हतं. गुळव्यानं दांडा उचलला आणि काहील उतरवली.